फीडरवरचा ग्राहक

आपल्या शाळेचे विजेचे बिल मुख्याध्यापकांच्या कपाटातून एकदा बाहेर काढून पाहावे. आपण बहुधा युनिटे आणि रक्कम एवढेच पाहतो. पण त्याच कागदावर ‘दर संकेत’ नावाचा एक छोटा रकाना असतो. आपण कोण आहोत याविषयी वीज कंपनीचे मत काय, ते या रकान्यात लिहिलेले असते. घरगुती, व्यापारी, औद्योगिक, कृषी असे हे प्रकार आहेत. महाराष्ट्रात २०१२ पूर्वी काही वर्षे शाळा आणि दवाखाने यांची गणना व्यापारी गटात होत होती. म्हणजे जिल्हा परिषदेची चार खोल्यांची शाळा आणि बाजारातले कापडाचे दुकान एकाच दराने वीज घेत. ऑगस्ट २०१२ च्या दरनिश्चितीत राज्य वीज नियामक आयोगाने ‘सार्वजनिक सेवा’ असा वेगळा गट केला, आणि २०१५ मध्ये त्यातही सरकारी व खाजगी असा भेद केला. दरम्यानच्या काळात शाळांना संगणक येत होते, आणि बिल थकल्यामुळे अनेक शाळांची वीज तोडलेली असे. झाकण घातलेले संगणक ज्यांनी त्या काळात पाहिले आहेत, त्यांना दर संकेताचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

ग्राहकांचे गट पाडणे, प्रत्येक गटाला वेगळा दर लावणे, वेगळी सेवा देणे, ही मुळात विपणनाची म्हणजे मार्केटिंगची रीत आहे. गेल्या काही दशकांत ती वीज, पाणी, वाहतूक अशा लोकोपयोगी सेवांत शिरली. ‘ग्राहकाभिमुख सेवा’ हा शब्द आता प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर आहे. या विचाराचे काय भले, काय बुरे, हे आम्ही परभणी जिल्ह्यातल्या विजेच्या उदाहरणावरून तपासणार आहोत. आमचे म्हणणे आधीच सांगतो. विपणनशास्त्रातली एक गोष्ट आपल्या वीजसेवेने मोठ्या तत्परतेने उचलली, ती म्हणजे गट पाडणे. त्याच शास्त्रातली दुसरी गोष्ट, माणसाला नेमके काय हवे आहे हे विचारणे, फार उशिरा उचलली, आणि तीही अर्धवट. शिवाय जी उचलली ती विजेच्या तारांच्या रचनेला जुळते की नाही, हे पाहिले नाही.

हा विचार कोठून आला ते थोडक्यात पाहू. १९६९ च्या जानेवारीत फिलिप कॉटलर आणि सिडनी लेव्ही या दोन अमेरिकन अध्यापकांनी ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये एक लेख लिहिला. विपणन ही केवळ साबण-टूथपेस्ट विकणाऱ्यांची विद्या नाही, नफा न कमावणाऱ्या संस्थांनाही ती लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पण वीज-अभियंत्यांना ही विद्या त्याच्याही कितीतरी आधीपासून अवगत होती. सॅम्युएल इन्सल १८९२ मध्ये शिकागोच्या वीज कंपनीचा प्रमुख झाला. त्याच्यापुढे एक अस्सल अभियांत्रिकी अडचण होती. वीज साठवता येत नाही. संध्याकाळी दिव्यांसाठी सगळी यंत्रे लागतात आणि उरलेला दिवस ती रिकामी बसतात. यंत्रांवरचे व्याज मात्र चोवीस तास चालू राहते. मग दिवसा वीज लागेल असे ग्राहक इन्सलने शोधले. ट्राम कंपन्या, बर्फाचे कारखाने यांना त्याने स्वस्त दर दिले. दिवस भरला, युनिटाचा खर्च उतरला, घरगुती दिवेही स्वस्त झाले. (पुढे याच इन्सलचा कंपन्यांचा मनोरा १९३२ मध्ये कोसळला आणि हजारो छोटे भागधारक बुडाले. विक्रीकौशल्याची ही दुसरी बाजूही ध्यानात असू द्यावी.) तेव्हा विपणन आणि अभियांत्रिकी यांचे वैर आहे, असे मुळीच नाही. यंत्राचा स्वभाव ओळखून ग्राहक शोधला, तर दोघांचेही भले होते.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. २००३ चा वीज कायदा आला आणि ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. ‘ग्राहक क्रमांक’ मंडळाच्या काळातही बिलावर होताच. पण आता ग्राहक हा शब्द कारभाराच्या केंद्रस्थानी आला. मुहूर्त मात्र कठीण होता. राज्यात विजेचा तुटवडा होता, आणि विकायला माल नसताना ग्राहकांची ओळख करून घ्यायची होती. अशा वेळीही विपणनशास्त्र उपयोगी पडते, असे कॉटलर-लेव्ही यांनीच १९७१ मध्ये आणखी एका लेखात म्हटले होते. मागणी वाढवण्याचे जसे शास्त्र असते तसे शहाणपणाने मागणी कमी करण्याचेही असते, असा त्या लेखाचा आशय.

आपल्याकडे ते शास्त्र भारनियमनाच्या रूपाने आले. ते वाटायचे कसे? त्यासाठी प्रत्येक फीडरची वितरणहानी आणि वसुलीतली तूट एकत्र मोजण्यात आली आणि त्यानुसार फीडरांचे गट पाडण्यात आले. हे गट ‘ए’पासून सुरू झाले आणि पुढे खाली ‘जी-१, जी-२, जी-३’पर्यंत पोचले. कमी तूट, कमी अंधार. जास्त तूट, जास्त अंधार. २०१२ च्या अखेरीस ‘ए’ ते ‘डी’ हे गट भारनियमनमुक्त झाले, खालचे राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई झाली तेव्हा हीच गटवारी पुन्हा बाहेर निघाली. मराठवाड्यातले कितीतरी फीडर खालच्या गटांत होते, आणि त्यांत परभणीचेही होते.

वरवर पाहता यात न्याय दिसतो. जो पैसे देतो त्याला वीज मिळावी, जो आकडा टाकतो त्याला का द्यावी? दुकानदार तरी दुसरे काय करतो? पण येथेच तारांची रचना आडवी येते. ३३/११ किलोव्होल्टच्या उपकेंद्रातून ११ किलोव्होल्टची वाहिनी निघते, तिला आपण फीडर म्हणतो. त्या वाहिनीवर अनेक रोहित्रे म्हणजे आपल्या बोलीतल्या डीपी असतात, आणि प्रत्येक डीपीवर अनेक घरे व पंप. उपकेंद्रातला माणूस फीडर बंद करू शकतो. त्या फीडरवरचा अमुक एक ग्राहक तेवढा चालू ठेवू शकत नाही. दर महिन्याला रांगेत उभे राहून बिल भरणाऱ्या निवृत्त मास्तरांचे घर आणि शेजारचा आकडा एकाच वेळी अंधारात जातात. विपणनाच्या पुस्तकात गट पाडले जातात ते माणसांचे. येथे गट पडले तांब्या-ॲल्युमिनियमच्या तारांचे, आणि माणसे जन्माने किंवा घर बांधल्यामुळे त्या तारेवर येऊन पडली होती. ‘वसुली वाढवा, वीज मिळेल’ हे सांगणे मास्तरांना लागू करायचे तर शेजाऱ्याचा आकडा त्यांनी काढायचा असा त्याचा अर्थ होतो. हे काम त्यांचे नाही, आणि त्यांच्या अंगाशी येणारेही आहे.

त्याच वर्षांतली पुण्याची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. जून २००६ मध्ये पुण्यात भारनियमन शून्यावर आणण्याचा प्रयोग झाला. कारखान्यांनी आपली स्वतःची जनित्रे चालवायची, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची, आणि डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांकडून जादा आकाराच्या रूपाने घ्यायचा, अशी योजना होती. कल्पना हुशारीची होती आणि तीत फसवणूक काही नव्हती. अखंड वीज हा जणू वेगळा, महाग माल झाला, आणि पुण्याने तो विकत घेतला. परभणीकराने तो का घेतला नाही? त्याच्यापुढे तो कोणी मांडलाच नाही. मांडला असता तरी जनित्रे असलेले कारखाने येथे कोठून आणायचे? जिल्ह्यातल्या येलदरी धरणावर २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. शेजारच्या परळीच्या औष्णिक केंद्राला पाणी पुरवणारा खडका बंधारा आपल्या सोनपेठ तालुक्यात आहे. २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले, तेव्हा या पाण्याचे मोल सर्वांना कळले. पण गोदावरीचे पाणी देणारा जिल्हा हा पुरवठादारांच्या यादीत येतो. ग्राहकांच्या गटवारीत त्याचे गुण मोजले जात नाहीत.

वीज कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. तुटवडा खरा होता, चोरी खरी होती, थकबाकी खरी होती. सगळ्यांना सारखाच अंधार वाटला असता तर वसुली चांगली असणारे भाग म्हणाले असते की आम्ही का भोगावे, आणि त्यात चूक काढता आली नसती. मात्र कायद्याने वीज कंपनीला दुकानदाराचे स्वातंत्र्य दिलेले नाही, हेही तितकेच खरे. २००३ च्या कायद्याच्या ४३ व्या कलमाने, मागेल त्या घरमालकाला किंवा भोगवटादाराला ठराविक मुदतीत वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य ठरवले आहे. ५७ व्या कलमाने सेवेची मानके ठरवून ती पाळली नाहीत तर भरपाई द्यायला लावली आहे. गिऱ्हाईक पसंत नाही म्हणून दार लावून घेण्याची सोय या धंद्यात नाही.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे काय हवे ते विचारण्याची. थिओडोर लेव्हिट यांनी १९६० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांचे उदाहरण दिले होते. आपण रेल्वे चालवतो असे त्या समजत राहिल्या. लोकांना प्रवास हवा आहे हे त्या विसरल्या, आणि प्रवासी मोटारी-विमानांकडे गेले. हा चष्मा लावून जिंतूर किंवा पाथरीकडच्या एखाद्या शिवारात उभे राहावे. शेतकऱ्याला विजेची युनिटे नको आहेत. त्याला हरभऱ्याच्या, उसाच्या मुळाशी पाणी हवे आहे, आणि ते दिवसाउजेडी हवे आहे.

त्याला अनेक वर्षे मिळत काय होते? आठवड्याच्या पाळ्यांनी कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास थ्री-फेज वीज. कागदावर तास तर रात्रीचेच जास्त! पण रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन चिखलात बारे मोडायचे, साप-विंचू सांभाळायचे, हा त्या दहा तासांचा खरा दर होता. तो कोणत्याही बिलात छापला गेला नाही.

यातून पुढे काय घडते ते पाहण्यासारखे आहे, कारण नववी-दहावीच्या विज्ञानाला येथे भरपूर खाद्य आहे. वीज रात्री नक्की केव्हा येईल याचा भरवसा नाही, म्हणून शेतकरी पंपाला ऑटो स्विच बसवतो. वीज आली की पंप आपोआप सुरू. एकट्यापुरती ही युक्ती उत्तम आहे. पण त्या डीपीवरच्या सर्वांनीच ऑटो बसवले की वीज येताच सगळे पंप एका क्षणी सुरू होऊ पाहतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतधारा ओढते. सगळ्यांनी एकदम ओढली की दाब कोसळतो; दाब कोसळला की मोटार लवकर वेग घेत नाही आणि जास्त वेळ जास्त धारा ओढत राहते. मोटार जळते, नाही तर डीपी जळते.

थोडे गणितही करून पाहू. पाच अश्वशक्ती म्हणजे ५ × ७४६ = ३७३० वॉट. मोटारीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर तिला सुमारे ४९७० वॉट द्यावे लागतात. शक्तिगुणक ०.८ असेल तर रोहित्रावर भार पडतो ६.२ केव्हीए. म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर असे दहा पंप सुखाने चालतील. प्रत्यक्षात पंधरा-सोळा असले तर काय होईल ते मुलांनाच काढू द्यावे. आता प्रत्येक पंपाला योग्य कपॅसिटर लावून शक्तिगुणक ०.९५ केला, तर प्रत्येकाचा भार ५.२ केव्हीएवर येतो आणि त्याच डीपीवर बारा पंप बसतात. तारांतली धारा सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते. उष्णतेत जाणारी वीज धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळपास ३० टक्क्यांनी घटते. कपॅसिटर काही फार महाग वस्तू नाही. मग तो का लावलेला नसतो, किंवा लावलेला असला तरी वायर काढून बाजूला का लोंबत असतो?

कारण तो लावून शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. कृषिपंपांची आकारणी मोठ्या प्रमाणावर मीटरवर न होता अश्वशक्तीवर होत आली, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाली. कपॅसिटरचा खर्च एकाचा, वाचलेली वीज कंपनीची, आणि वाचलेली डीपी सर्वांची. आम्हाला वाटते, विपणनाच्या माणसाची खरी गरज होती ती या ठिकाणी. कोणाला काय दिले तर तो काय करील, हे ओळखणे हाच त्याचा धंदा. ‘या डीपीवरच्या सर्वांनी कपॅसिटर लावले आणि ऑटो काढले तर या डीपीला दिवसाची पाळी’ असा सौदा मांडता आला असता काय? तारांच्या रचनेमुळे पाळी फीडरची असते, एका डीपीची नसते, ही अडचण येतेच. पण निदान प्रश्न तरी योग्य झाला असता.

असा सौदा अगदीच कधी झाला नाही असे नाही. टंचाईच्या त्या वर्षांत ‘अक्षय प्रकाश’ नावाची योजना राज्यात राबवली गेली. गावाने एकत्र बसून ठरवायचे की संध्याकाळी पंप आणि जड उपकरणे चालवायची नाहीत, आकडे काढायचे. बदल्यात संध्याकाळी गावातले दिवे चालू राहतील. तिच्यात घटक मानला होता तो गाव. म्हणजे तारेने जोडलेली आणि एकमेकांना ओळखणारी माणसे. विजेच्या जाळ्याचा स्वभाव ओळखून ग्राहक ठरवल्याचे हे आमच्या माहितीतले चांगले उदाहरण आहे. पुढे गावठाण फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे करण्याचे काम झाले आणि तारांनीच जे साधले त्यासाठी गावाच्या बैठकीची गरज उरली नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. बैठकीत जे काही तयार झाले होते त्याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. २०१७ पासूनची सौर कृषिवाहिनी योजना आणि २०२३ मधला तिचा दुसरा टप्पा यांचा हेतू शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. ‘दिवसा’ हा शब्द योजनेच्या उद्दिष्टात यायला इतकी वर्षे लागली, ही आमची तक्रार आहे.

बाजारातला ग्राहक नाराज झाला की दुसऱ्या दुकानात जातो आणि दुकानदार ताळ्यावर येतो, असे म्हणतात. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या समजुतीला छेद देणारे पुस्तक लिहिले. नायजेरियातली रेल्वे वाईट चालत असूनही सुधारत का नाही, हा त्याचा प्रश्न होता. ज्यांना निकड होती आणि ऐपत होती, ते आपला माल ट्रकने नेऊ लागले; ओरड करणारे गेल्यामुळे रेल्वेला शांतता लाभली. आपल्याकडे ट्रकचे काम इन्व्हर्टरने केले. परभणीच्या बाजारपेठेत दोन हजारच्या दशकात जनित्रांचा धूर आणि इन्व्हर्टरची पेटी यांशिवाय दुकान दिसत नसे. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी, म्हणजे ज्यांच्या अर्जाला वजन होते, त्यांच्या घरी दिवे लागले. अर्ज थांबले. आणि गंमत अशी की बॅटरीत भरलेल्या विजेचा बराचसा भाग भरताना व काढताना उष्णतेत जातो. म्हणजे वीज परत आली की ज्यांनी अंधार पाहिला नाही तेच अंधार वाढवणारी जादा वीज ओढत होते. शाळेत इन्व्हर्टर असेल तर मुलांना हा मोजण्याचा प्रयोग सहज देता येईल.

विपणनाने लोकसेवेत खरोखर भले केल्याचेही उदाहरण द्यायला हवे, नाहीतर आमच्यावर एकांगीपणाचा आरोप येईल. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेली ‘उजाला’ योजना घ्या. एलईडी दिवा चांगला हे सर्वांना ठाऊक होते, पण महाग होता. सरकारी कंपनीने देशभरची मागणी एकत्र करून लाखोंच्या संख्येने खरेदीच्या निविदा काढल्या. २०१४ मध्ये ३१० रुपयांना खरेदी होणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. येथे ग्राहकांचे तुकडे पाडले नव्हते, उलट सगळे एका मोठ्या ग्राहकात मिळवले होते. आणि दिवा ही वस्तू अशी आहे की ज्याने लावला त्याचे बिल कमी होते. शेजाऱ्यावर काही अवलंबून नसते. पंपाच्या कपॅसिटरला हे भाग्य नाही, म्हणून एकाची रीत दुसऱ्याला जशीच्या तशी लावता येत नाही.

नवा अध्याय स्मार्ट मीटरचा आहे. मोबाइलसारखे आधी पैसे भरून वीज घ्यायची, ही कल्पना लोकविरोधामुळे सामान्य घरगुती ग्राहकांपुरती २०२४ मध्ये मागे घेण्यात आली. पण मीटर बसत आहेत, आणि २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना दिवसाच्या वापरावर सवलत सुरू झाली आहे. ही तर इन्सलचीच युक्ती! दिवसा सौर वीज मुबलक, म्हणून दिवसा वापरा. यंत्राच्या स्वभावाशी ती सुसंगत आहे. प्रश्न इतकाच, की दिवसा शेतात किंवा कामावर असणाऱ्या घरातल्या कोणत्या वापराची वेळ बदलता येणार आहे? नव्या मीटरमुळे पहिल्यांदाच तांत्रिकदृष्ट्या एकेका घराची वीज दूर बसून चालू-बंद करता येईल. मग फीडरमागे लपलेले निवृत्त मास्तर आणि आकडेवाला वेगवेगळे दिसतील काय? आकड्याला मीटर नसतो, म्हणून तो तेव्हाही दिसणार नाही. डीपीवर मोजलेली वीज आणि घरोघरी मोजलेली वीज यांची वजाबाकी करूनच तो सापडतो. ही वजाबाकी गावासमोर मांडायची की केवळ कार्यालयात ठेवायची, हे अजून ठरायचे आहे.

तोपर्यंत वर्गात एक काम करता येईल. एका महिन्याची नोंदवही करावी: वीज केव्हा गेली, केव्हा आली, डीपी जळली असेल तर किती दिवसांनी बदलली. नियामक आयोगाच्या सेवा-मानकांत खेड्यासाठी डीपी बदलण्याची मुदत ४८ तासांची धरलेली आहे, शहरासाठी ती कमी आहे. आपली नोंद तिच्याशी ताडून पाहावी. वीज गेल्याची वेळ मुले बिनचूक लिहितात, असा आमचा अनुभव आहे. आल्याची वेळ रात्रीची असेल तर ती विचारण्यासाठी सकाळी पंपावरून परतलेल्या पालकांकडे जावे लागते, आणि नोंदवहीतला तो रकाना बहुधा त्यांच्याच अक्षरात भरला जातो.